मास्टर विठ्ठल : एका मुक्या पराक्रमाची कैफियत

(आदिलाबाद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीच्या तत्त्वज्ञानापासून हैदराबादच्या मुक्तिसंग्रामापर्यंत नाना गंभीर विषयांचा ऊहापोह झाला, त्याच व्यासपीठावरून पडद्यावर तलवार फिरवून पोट भरणाऱ्या एका नटाचे चरित्र सांगण्याचा माझा मनोदय जेव्हा मी चालकांना कळविला, तेव्हा त्यांचे उलटटपाली आलेले उत्तर अत्यंत सौजन्यपूर्ण होते. परंतु "विषय जरा निराळा आहे" या त्यातील वाक्यात "निराळा" हा शब्द "हलका" या शब्दाचा सभ्य प्रतिनिधी म्हणून आलेला आहे, हे ओळखण्याइतकी वर्षे मी या जिल्ह्यात काढलेली आहेत. चालकांवर माझा राग नाही. मारधाडीच्या चित्रपटांना आपण प्रतिष्ठितांनी नेहमीच मागच्या दाराने जाऊन पाहिले आणि पुढच्या दाराने येऊन नावे ठेवली.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला गुंफिली जाते त्या गुरुजींना मात्र हा विषय हलका वाटला नसता, असे मी साधार म्हणू शकतो. सभागृहात जे सत्तरीच्या घरात आहेत त्यांना त्यांची ती काळी टोपी आणि खांद्यावरचे उपरणे आठवत असेल. निजामी अमदानीत सरकारी शाळा, कचेरी आणि अदालत यांचा कारभार उर्दूत चाले. अव्वल तालुकदाराकडे अर्ज गुदरावयाचा तर तो उर्दूत लिहावा लागे. कापसाच्या बाजारात भाव तेलुगूत फुटे. ओसरीवरचे भांडण मराठीत होई. आणि डोंगरातून मोहाची फुले व चारोळी घेऊन उतरणाऱ्या गोंडाच्या तोंडी गोंडी असे. या चार भाषांच्या चौकात, शाळा सुटल्यावर कचेरीसमोरच्या झाडाखाली बसून, ज्याला जी भाषा येत नसेल त्याला ती पुरविणे हा गुरुजींचा दुसरा व्यवसाय होता. व्यवसाय म्हणण्याचे कारण एवढेच की त्याचा मोबदला ते घेत असत, आणि तो मोबदला म्हणजे पानाचा एक विडा. दिवेलागणीस ते मुलांना लाठी आणि फरीगदगा शिकवीत. भाषा आणि लाठी या दोन विद्यांचा एकाच माणसाच्या ठायी संगम झालेला मी लहानपणी पाहिला, त्यामुळे आजचा विषय मला सुचला असावा.

आमच्या जिल्ह्याने सरहद्दींचे फेरफार पुष्कळ सोसले आहेत. १९०५ साली त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. १९५६ साली भाषावार प्रांतरचना होऊन राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले, आणि एकाच घराण्यातील दोन भावांपैकी एकाचा सातबारा एका राज्यात व दुसऱ्याचे पहाणीपत्रक दुसऱ्या राज्यात, असा प्रकार झाला. २०१६ साली उरलेल्या मुलखाचे पुन्हा चार जिल्हे झाले. भाषेच्या रेषेने माणसे कशी विभागली जातात हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. परंतु महसुली नकाशावर ही रेषा ओढली जाण्याच्या पंचवीस वर्षे आधी, १४ मार्च १९३१ या दिवशी, मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अशीच एक रेषा हिंदुस्थानच्या चित्रपटावर ओढली गेली होती, आणि तिच्या चुकीच्या बाजूला जो पहिला मोठा नट उभा राहिला तो मराठी होता. तोही अशा रीतीने, की ती रेषा ओढणाऱ्या चित्रपटाचा नायकच तो होता. त्याचे नाव मास्टर विठ्ठल.

विठ्ठल यांचा जन्म १९०६ सालचा. बालपणीच ते राजापूरकर नाटक मंडळीत बालनट म्हणून उभे राहिले आणि तेथून कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. कोल्हापूर हे त्या काळी केवढे विलक्षण शहर होते याची कल्पना आज येणे कठीण आहे. एका पेठेत तांबड्या मातीच्या तालमी घुमत असत, खासबागेच्या मैदानाला कुस्तीच्या दिवशी यात्रेचे रूप येई, शाहू छत्रपतींच्या आश्रयाने गवई, मल्ल आणि चित्रकार एकाच नगरात नांदत होते. आणि दुसऱ्या पेठेत एक चित्रकार स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवून, त्या कॅमेऱ्याने 'सैरंध्री' आणि 'सिंहगड' यांसारखे चित्रपट निर्माण करीत होता. अशा कंपनीत पडेल ते काम करावे लागे. विठ्ठल आरंभी तेथे फिल्मचे तुकडे कापून जोडण्याच्या कामावर होते, आणि १९२४ च्या 'कल्याणखजिना' या चित्रपटात ते पडद्यावर प्रथम दिसले ते नर्तकीच्या वेषात. ज्या पुरुषाला पुढे अवघा देश तलवारबहाद्दर म्हणून ओळखणार होता, तो पायात चाळ बांधून प्रेक्षकांसमोर आला.

याचे हसू येण्याचे कारण नाही. पट्टा खेळणाऱ्याचा पवित्रा आणि नर्तकाचे पदन्यास यांत जे अंतर आपल्याला दिसते ते वस्तादाला दिसत नाही. तोल, लय, नजर आणि श्वास यांची गणिते दोहोंत एकच आहेत. ज्याला हे पटत नसेल त्याने दिवाळीच्या सुमारास आमच्या डोंगरातील गोंडांचा दंडारी नाच पाहावा. मोरपिसांचा तो प्रचंड मुकुट मस्तकी तोलून, अंगाला राख फासून, हातातील काठीसह गुसाडी जेव्हा ढोलाच्या ठेक्यावर गिरकी घेतो, तेव्हा तो नाचत आहे की लढत आहे हा प्रश्न फक्त शहरी माणसाला पडतो.

याच सुमारास मुंबईत एका अमेरिकन नटाने प्रेक्षकांस वेड लावले होते. डग्लस फेअरबँक्सचे 'द मार्क ऑफ झोरो', 'रॉबिन हूड' आणि 'द थीफ ऑफ बगदाद' हे मूकपट येथे येऊन गेले होते. दिवाण बहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९२८ च्या आपल्या अहवालात या बगदादच्या चोराला लोकप्रियतेच्या अग्रस्थानी बसविले आहे. फेअरबँक्सची नक्कल करावी हे व्यापाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक होते. नानुभाई देसाई आणि भोगीलाल दवे यांनी १९२५ साली मुंबईस काढलेल्या शारदा फिल्म कंपनीने हे धोरण पत्करले, आणि १९२६ च्या 'रतन मंजरी' या चित्रपटात विठ्ठल यांना नायक केले. तो चित्रपट चालला. त्यामागून राजपुतान्यातील आख्यायिका, मराठ्यांच्या कथा, हरवलेले राजपुत्र, कपटी सेनापती आणि सुटका होण्याची वाट पाहत बसलेल्या राजकन्या यांचा ओघ सुरू झाला, आणि पाचेक वर्षांत विठ्ठल हे मूकपटसृष्टीतील अत्यंत महागड्या नटांमध्ये गणले जाऊ लागले. लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. आपल्या माणसाची थोरवी परक्या मापाने मोजण्याची ही खोड जुनीच आहे, आणि ती सुटेल असे चिन्ह नाही.

हे चित्रपट कसे होते, हे विठ्ठल यांच्या पटांवरून आज दाखविता येत नाही. हिंदुस्थानात सुमारे तेराशे मूकपट निघाले असतील. त्यांतील हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे सोडले तर बाकीचे जळाले, कुजले किंवा फिल्मवरील चांदीसाठी वितळविले गेले. सुदैवाने पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा १९३१ चा 'दिलेर जिगर' हा जी. पी. पवार यांचा मारधाडीचा मूकपट शिल्लक राहिला आहे, आणि त्यात तरुण ललिता पवार दिसतात. तेवढ्या एका नमुन्यावरून त्या जातीच्या पटांची नाडी कळते. नट उडी मारतो ती स्वतः मारतो. तट खरा असतो, पडणे खरे असते, आणि त्याच्या वतीने कोणी तोतया पडत नाही. त्या काळचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवीत. तो दांडा जरा सावकाश फिरविला की तितक्याच वेळात फिल्मवर चौकटी कमी उमटत, आणि पुढे त्या नेहमीच्या गतीने दाखविल्या की पडद्यावरचा मनुष्य प्रत्यक्षाहून चपळ भासे. एवढीच काय ती मखलाशी. परंतु मुळात ज्याच्या अंगी चपळाई नाही त्याला ही युक्ती हास्यास्पद करून सोडी. म्हणून या पटांना तालमीत घडलेले शरीरच लागे. पिटात बसणारे हमाल, गिरणीकामगार आणि आखाड्यात जाणारी पोरे हे परीक्षक होते, आणि पवित्रा चुकला तर तो त्यांना दिसत असे.

आता या परीक्षकांच्या भाषेचा विचार करा. मुंबईच्या एका पिटात कोकणी माणूस, काठेवाडी, मोपला, पठाण आणि तेलुगू कामाठी मांडीला मांडी लावून बसत. पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या कित्येकदा तीनचार लिप्यांत लिहिलेल्या असत, आणि ज्याला वाचता येत असे तो शेजाऱ्यांसाठी मोठ्याने वाची. एकाच वेळी चार भाषांतील वाचनाचा कल्लोळ, त्यात पडद्याखालच्या तबलापेटीचा गजर, असा थाट असे. पण लढाई सुरू झाली की वाचन थांबे, कारण तेथे वाचण्यासारखे काही उरत नसे. तलवारीला दुभाषा लागत नाही. विठ्ठल यांची कीर्ती ज्या पायावर उभी होती तो पाया हा होता. देवादिकांच्या कथांना निदान कथा ठाऊक असावी लागते, सामाजिक कथेला समाज ठाऊक असावा लागतो. उंचावरून उडी मारणारा मनुष्य खाली नीट पोचतो की नाही, याची काळजी मात्र सर्व मनुष्यजातीला सारखीच वाटते. मारधाडीचा मूकपट हा बहुभाषिक मुलखाचा स्वाभाविक चित्रपट होता.

अशा ऐन बहरात बोलपट आला.

इंपीरियल कंपनीचे अर्देशीर इराणी यांनी जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकाच्या आधारे 'आलम आरा' हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट काढण्याचे ठरविले, आणि एवढ्या मोठ्या जुगारात नायक म्हणून पैसा खेचणारा नट हवा म्हणून मेहबूब खान नावाच्या होतकरू तरुणाला बाजूस सारून विठ्ठल यांना बोलाविले. हेच मेहबूब पुढे दिग्दर्शक झाले आणि त्यांनी 'आन' व 'मदर इंडिया' निर्माण केले, हे सर्वविदित आहे. विठ्ठल मात्र शारदा कंपनीशी करारनाम्याने बांधलेले होते. तो करार मोडून ते इराणी यांचा संबंध असलेल्या सागर कंपनीकडे गेले, तेव्हा शारदाने त्यांच्यावर दावा लावला. विठ्ठल यांच्या वतीने मुंबईच्या अदालतीत जे वकील उभे राहिले त्यांचे नाव ऐकून आज दचकावयास होते : बॅरिस्टर महंमद अली जिना. कंपनीने अडकवून ठेवलेला एक मराठी नट सोडवून आणण्याचे काम त्यांनी केले, आणि निकाल विठ्ठल यांच्या बाजूने लागला. मालक आणि वेतनदार नट यांच्यातील झगड्यांच्या इतिहासात या दाव्याला मी महत्त्वाचे स्थान देईन. कंपनीच्या दप्तरात नट हा घोडे, तंबू आणि तलवारी यांच्याच यादीत मोजला जाण्याच्या काळात, मासिक वेतनावरील एका मनुष्याने आपल्या अंगमेहनतीवर आपली स्वतःची मालकी आहे असे न्यायासनासमोर सांगितले आणि ते मान्य करून घेतले.

आणि एवढा खटला लढून त्यांनी काय मिळविले? 'आलम आरा'तील राजपुत्राची भूमिका. ती भूमिका बोलावयाची होती, आणि बोलावयाची होती ती नाटकी थाटाच्या उर्दूवळणाच्या हिंदुस्थानीत. विठ्ठल यांचे उच्चार मराठी. चित्रण सुरू झाल्यावर अडचण स्पष्ट झाली. तेव्हा कथेत तडजोड करून नायक पुष्कळसा भाग अर्धवट शुद्धीत, गुंगीत पडलेला दाखविण्यात आला. हिंदुस्थानातील पहिल्या बोलपटाचा नायक, सर्वांहून मोठ्या नावाचा नट, त्या बोलपटात जवळजवळ मुका राहिला. त्याच चित्रपटात पृथ्वीराज कपूर नावाचा एक तरुण होता. त्याच्यापाशी आवाज होता. फकिराच्या लहानशा भूमिकेत वझीर महंमद खान यांनी म्हटलेले पद लोकांच्या तोंडी बसले. नायिका जुबेदा बोलत होती, गात होती. तलवारबहाद्दर झोपला होता.

यात केवळ उच्चाराचा दोष पाहणे मात्र उथळपणाचे होईल, कारण यंत्रविद्येचीही एक बेडी त्यांच्या पायात पडली होती आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष वेधीत नाही. 'आलम आरा' ज्या टॅनर पद्धतीने चित्रित झाला तीत आवाज हा चित्रणाच्या वेळीच त्याच फिल्मवर नोंदला जाई. मागाहून दुसऱ्याचा आवाज बसविण्याची सोय नव्हती. स्टुडिओशेजारून आगगाडीचे रूळ जात, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री एकपासून पहाटे चारपर्यंत काम करावे लागे. ध्वनिग्राहक यंत्रे कोठे फुलदाणीत, कोठे पडद्याआड दडविलेली असत, आणि नटाने त्यांच्या जवळ राहूनच तोंड उघडावयाचे. म्हणजे ज्याची सारी विद्या अवकाशात संचार करण्याची, त्याला हातभर वर्तुळात उभे राहण्याची शिक्षा. मल्लखांबावरील गड्याला खुर्चीवर बसवून तोंडी परीक्षा घ्यावी, तसा हा प्रकार. पुढे काही वर्षांत पार्श्वगायन आले, आवाज वेगळा नोंदण्याची कला आली, आणि आज तर दक्षिणेतील नटाच्या ओठांवर उत्तरेतील कोणाचा तरी कंठ सहज बसविला जातो. ही सोय दहा वर्षे आधी आली असती तर मास्टर विठ्ठल यांच्या चरित्राचा उत्तरार्ध वेगळा लिहावा लागला असता, असे मला राहूनराहून वाटते; इतिहासात 'असती तर'ला स्थान नाही हे ठाऊक असूनही वाटते.

बोलपटाने ही एकट्या विठ्ठल यांची स्थिती केली नाही. सुलोचना या नावाने गाजलेल्या रूबी मायर्स यांची मातृभाषा हिंदुस्थानी नसल्याने त्यांनाही काही काळ थांबून भाषा शिकावी लागली, आणि मग 'माधुरी' हा आपलाच मूकपट बोलका करून त्या परतल्या. उलट, ज्यांना भाषेच्या सीमा ओलांडता आल्या त्यांचे भाग्य उजळले. 'आलम आरा'त एक लहानशी भूमिका करणारे एलुरूकडचे एल. व्ही. प्रसाद हे तामीळमधील पहिल्या 'कालिदास' या बोलपटातही होते आणि तेलुगूतील पहिल्या 'भक्त प्रह्लाद'मध्येही; पुढे त्यांनी दक्षिणेत केवढा संसार उभा केला हे हैदराबादकडे ज्यांचे येणेजाणे आहे त्यांना सांगावयास नको. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. अशा रीतीने तेराशे मूकपटांचा एकसंध मुलूख दोनतीन वर्षांत मराठी, तेलुगू, तामीळ, बंगाली असा तुकड्यातुकड्यांनी वाटला गेला. त्यात लाभही झाला हे मी नाकबूल करीत नाही. आपली भाषा पडद्यावर ऐकण्यासाठी मराठी माणूस आसुसला होता, आणि 'अयोध्येचा राजा' पाहून रडलेल्या पिढीला मी कोणत्या तोंडाने सांगू की तुमचे काही हरवले? परंतु ज्याचे हरवले त्याची बाजू मांडण्याकरिता आज मी उभा आहे.

विठ्ठल स्वतः या फाळणीनंतर स्वस्थ बसले नाहीत. १९३३ साली त्यांनी 'आवारा शहजादा' हा बोलपट दिग्दर्शित केला, आणि त्यात शाहू मोडक यांना दुहेरी भूमिका दिली. आपल्याकडील बोलपटांत एका नटाने दोन माणसे रंगविण्याचा तो आद्य प्रयोग मानतात. आजही दर वर्षी जत्रेत हरवलेल्या जुळ्या भावांच्या ज्या कथा आपण पाहतो, त्यांचे एक मूळ या विस्मृत चित्रपटात आहे. त्यानंतर ते मराठी ऐतिहासिक पटांकडे वळले. १९३४ च्या पार्श्वनाथ आळतेकर यांच्या 'छत्रपती संभाजी' या बोलपटात ते होते, प्रभातच्या १९४४ च्या 'रामशास्त्री'तही होते. येथे त्यांना भाषेची अडचण नव्हती. पण आता तलवारीपेक्षा वाक्यांना धार हवी होती, आणि ज्यांच्या नावावर चित्रपटाचे तिकीट विकले जाई ते नाव हळूहळू नामावळीत खाली उतरत गेले. १९६९ साली त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या ऐन उमेदीतील उड्या पाहिलेला प्रेक्षक साठीच्या पुढे होता, आणि त्याच्या नातवाला दाखविण्यासारखा एक फूटभर पुरावाही हाती नव्हता. 'आलम आरा'देखील आज उपलब्ध नाही. काही छायाचित्रे तेवढी उरली आहेत.

मारधाडीचा धंदा मात्र मेला नाही. तो शाहिरासारखा वेशीबाहेर मुक्कामाला गेला. वाडिया बंधूंनी १९३५ मध्ये 'हंटरवाली' काढून नादियाच्या हाती चाबूक दिला. आमच्या शेजारच्या वऱ्हाडातील अमरावतीचे भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांनी कमी खर्चाच्या मारामारीच्या पटांवर दशकभर मुंबईच्या कामकरी वस्तीचे मन राखले. 'अलबेला' येईपर्यंत प्रतिष्ठित वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली नाही. आणि याच भगवानदादांच्या हातून १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रणात जो प्रकार घडला तो या व्यवसायाचे खरे स्वरूप कळण्यासाठी सांगितलाच पाहिजे. प्रसंगात नायिकेला चपराक मारावयाची होती. ती नको तितकी जोरात बसली, आणि ललिता पवार यांच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून डावा डोळा कायमचा बारीक झाला. 'दिलेर जिगर'मधील ती तलवारबाज तरुणी त्यानंतर नायिका राहिली नाही. आपण सर्वांनी पिढ्यानपिढ्या जिचा द्वेष केला ती खाष्ट सासू त्या चपराकीतून जन्मास आली. भगवानदादांना त्याची खंत जन्मभर राहिली असे सांगतात. गवयाचा स्वर चुकला तर मैफल बिघडते. येथे बोटभर अंतर चुकले तर माणसाचे प्रारब्ध बदलते. या कलेला हलकी म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

माझ्या तरुण मित्रांना वाटत असेल की हा म्हातारा जुन्याच गोष्टी उगाळीत बसला आहे. तर त्यांच्याही मुलखात येतो. २०२२ साली राजामौली यांच्या 'आर. आर. आर.' या तेलुगू चित्रपटात आपल्या जिल्ह्याचा कुमराम भीम अवतरला. जल, जंगल, जमीन यांवरील गोंडांच्या हक्कासाठी निजामाच्या जंगलखात्याशी झगडून १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात देह ठेवणारा हा वीर. त्याला पडद्यावर दिल्लीस नेऊन, वाघाशी झुंजवून, अल्लुरी सीताराम राजू यांच्याशी त्याची कधी न घडलेली मैत्री जमवून देण्यात आली. इतिहासाचा एक सामान्य वाचक म्हणून माझी याविरुद्ध तक्रार आहे आणि ती मी मागे घेत नाही : भीमाचा झगडा बारा गावांच्या जमिनीसाठी होता, आणि त्या झगड्यात जो गिर्दावर, जो चौकीदार, जो दंडाचा हुकूम होता तो पडद्यावरून नाहीसा झाला की मागे नुसते बाहुबळ उरते. पण ज्या गोष्टीचे मला नवल वाटले ती वेगळी. तेलुगूत बनलेला तो चित्रपट हिंदीत, तामीळमध्ये आणि उपशीर्षकांसह सातासमुद्रापार गेला. लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकाला ना गोंडी येत होती ना तेलुगू, तरी त्याने तो डोक्यावर घेतला, आणि त्यातील गीताला ऑस्कर मिळाले ते नाचासह मिळाले, असेच मी म्हणेन. १९३१ साली ओढलेली रेषा पायांनी पुसली जाताना मी नव्वद वर्षांनंतर पाहिली. विठ्ठल यांच्या जातीचा नट पुन्हा भाषेच्या हद्दीबाहेर हिंडू लागला आहे. दोरांच्या साहाय्याने उडतो हे खरे, त्याच्या वतीने पडणारे दुसरे असतात हेही खरे, पण हिंडतो.

आता गुरुजींची ती गोष्ट सांगतो, म्हणजे मघाशी मी 'साधार' का म्हणालो ते कळेल. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता. दारासिंगाचा 'किंग काँग' मुंबईत १९६२ साली लागला; आमच्याकडे तो नेहमीप्रमाणे दोनचार वर्षांनी, चिरफाळलेल्या अवस्थेत पोचला. मी, माझा चुलतभाऊ, बैलगाडीवाल्यांची दोन तेलुगू पोरे आणि डोंगरातून आलेला एक गोंड मुलगा असे आम्ही सतरंजीवर पुढे बसलो होतो, आणि मागे गुरुजी. हिंदी संवाद सुरू झाले की पोरे मागे वळून विचारीत, काय म्हणतो? गुरुजी खाली वाकून एकाला तेलुगूत, एकाला गोंडीत, आम्हाला मराठीत सांगत. त्यांचे सांगणे संपेपर्यंत पडद्यावर दुसरेच कोणी बोलत असे, आणि राजाचा निरोप राणीच्या तोंडी जाऊन सगळाच घोटाळा होई. मग पडद्यावर लंगोट कसलेला दारासिंग आखाड्यात उतरला. सगळी पोरे गुडघ्यांवर उठून बसली. मला एकाएकी जाणवले की मागून कोणी काही सांगत नाही, म्हणून मी वळून पाहिले. गुरुजींनी पानाचा डबा उघडला होता, आणि पडद्यावरून नजर न काढता, अगदी सावकाश, ते पानाला चुना लावीत होते.